सतरा चौकटी, दहा आकडे

व्हॅन घेतल्याला आता बराच काळ झाला, इंजिन सुरळीत आहे, पण अजूनही कुठलाही फॉर्म समोर आला की मी आधी चौकटी मोजते. जुनी कॅम्पर व्हॅन घ्यायची म्हटल्यावर सगळे इंजिनाची भीती घालतात. माझं घोडं जिथे पेंड खात बसलं, ते गॅरेज नव्हतं.

गाडी म्हणजे फोक्सवॅगनची टाइप २. कागदावर १९७२ची, मागे हवेवर थंड होणारं १६०० सीसीचं इंजिन, वर उघडणारं छप्पर, आत झोपायची सोय आणि एक शेगडी. मीटरवर ४१ हजार किलोमीटर, आणि विकणारा ते दागिना दाखवावा तसं दाखवत होता. या मीटरला आकडेच पाच. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. किती फेऱ्या झाल्या ते मीटर सांगत नाही. क्लचच्या पेडलचं रबर आरशासारखं गुळगुळीत झालं होतं आणि ड्रायव्हरची सीट एका बाजूला बसली होती, त्यावरून मी निदान दोन फेऱ्या धरल्या.

बघायला गेले तेव्हा दोनच गोष्टी नीट केल्या. इंजिन बंद असताना मागची मोठी पुली दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढून पाहिली. क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, खेळ (सैलपणा) असेल तर तो हाताला लागतो, कधी टक असा आवाजही येतो, मर्यादा ०.१५ मिलिमीटरची, त्यापुढे इंजिन पूर्ण खोलण्याची तयारी ठेवायची. माझ्या गाडीचा खेळ जेमतेम जाणवला. दुसरं, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दरवाजाखालच्या पत्र्यावरून आणि चाकांच्या कमानींवरून फिरवलं. डाव्या मागच्या कमानीवर तळहाताएवढ्या जागेत चुंबक धरेचना. आत पत्रा नव्हता, लांबी म्हणजे पुट्टी भरलेली होती. त्यावर भाव उतरला, व्यवहार झाला.

आता फॉर्म.

गाडीच्या मालकाचं नाव बदलण्याचा अर्ज संगणकावर भरायचा होता. चेसिस नंबरला, म्हणजे गाडीवर ठोकलेल्या तिच्या ओळखक्रमांकाला, सतरा चौकटी. माझ्या गाडीचा नंबर दहा आकडी. भरला, तर लाल अक्षरांत 'क्रमांक अपूर्ण आहे'. मी हुशारी केली, पुढे सात शून्यं लावली. फॉर्मने ते गोड मानून घेतलं, पावती दिली, आणि तिसऱ्या दिवशी अर्ज 'चुकीचा क्रमांक' म्हणून बंद. बंद म्हणजे कुलूपच: दुरुस्त करता येईना, नवा अर्जही करता येईना, कारण त्या गाडीचा एक अर्ज 'प्रलंबित' होता. ते कुलूप काढायलाच सहा आठवडे गेले. शून्यं लावू नका. काहीही लावू नका.

सतरा अक्षरी क्रमांकाची पद्धत १९८१पासून रुळली. त्याआधीच्या गाड्यांवर ज्याने-त्याने आपापल्या पद्धतीने नंबर ठोकलेत. हे मला घरी वाचून पाठ झालं होतं, आणि तेच नडलं. नोंदणी कार्यालयाच्या खिडकीवर मी तिथल्या कारकुनाला अख्खा नंबर सोडवून दाखवला. पहिले दोन आकडे २३, म्हणजे गाडीचा प्रकार, त्यातला २ टाइप २चा. तिसरा ३, म्हणजे मॉडेलचं वर्ष १९७३. चौथा २, म्हणजे १९७०चं दशक. उरलेले सहा म्हणजे अनुक्रमांक. म्हणून दहाच, साहेब.

ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी नोंदणी पुस्तक उघडलं.

"मॅडम, तुम्हीच म्हणताय नंबरात त्र्याहत्तर आहे. पुस्तकात बहात्तर लिहिलंय. मग खरं काय?"

दोन्ही खरं. या कंपनीचं मॉडेल वर्ष ऑगस्टमध्ये सुरू व्हायचं, त्यामुळे १९७२च्या शरदात बनलेल्या गाडीवर ३च येणार. मी हेही सांगितलं. पण तोवर त्यांच्या हातात नवा शेरा आला होता, 'उत्पादन वर्षात तफावत', आणि तो माझ्याच तोंडून. घरी आल्यावर कितीतरी वेळ मी स्वतःशीच बोलत होते. खिडकीवर विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं. हा एक सल्ला बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगी आहे.

शेरा आला म्हणजे प्रत्यक्ष तपासणी आली. टाइप २चा चेसिस नंबर इंजिनाच्या कप्प्यात उजव्या बाजूच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. तपासनीस आले, टॉर्च मारला आणि मान हलवली. आधीच्या मालकांनी तीनदा तरी रंग मारला होता. सातवा आकडा ३ की ८, कळेना. "वाचता येईल असं करून आणा." कसं करायचं ते सांगितलं नाही. मेकॅनिक ग्राइंडर घेऊन उभाच होता, त्याला मी जवळजवळ हाताला धरून थांबवलं. नंबराच्या आसपास घासल्याच्या खुणा दिसल्या की खाडाखोडीचा संशय, मग ती गाडी कुणीच वाचवू शकत नाही.

रंग काढायचं द्रावण ब्रशने लावलं, पंधरा मिनिटं थांबले, लाकडी चमच्याच्या दांड्याने हळूहळू खरवडलं. वरचा नारिंगी थर, हिरवा थर, पांढरा थर, मग मूळचा नारिंगी. मग पातळ कागद चिकटपट्टीने वर लावून पेन्सिल आडवी धरून घासली. राखाडी पट्ट्यात एकेक आकडा पांढरा उमटत आला. सातवा ३ होता, त्याची डावी बाजू उघडी. त्या कप्प्यात डोकं घालून मी एकटीच ओरडले. पुढच्या सीटमागच्या पत्र्यावर एक छोटी धातूची पट्टी असते, तिच्यावर याच नंबराचे शेवटचे आकडे असतात. ते जुळवून पाहिले, तंतोतंत. गाडी घेतानाच हे जुळवून बघा, मी नंतर बघितलं.

वर्षाचा तिढा राहिला. त्यावर उपाय असा निघाला की वुल्फ्सबर्गमधल्या फोक्सवॅगनच्या संग्रहालयाकडून शुल्क भरून जुन्या गाडीचा जन्मदाखला मागवता येतो. कारखान्याच्या नोंदीतून कुठल्या तारखेला गाडी बनली, मूळ रंग कोणता, हे त्यात येतं. मागवला. आणि वाट पाहत बसले. सरकारी काम अन् सहा महिने थांब असं ज्याने म्हटलं, तो माणूस आशावादी होता.

त्या काळात गाडी रस्त्यावर नेता येत नव्हती म्हणून कामं उरकली. पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या बदलल्या, टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत. जुनी नळी वाकवली तर बोटांत तिचे तुकडे आले. या गाड्या जळतात त्या बहुतेक अशाच नळ्यांमुळे, तेव्हा घेतल्या-घेतल्या, चालवायच्या आधी, हे काम. इंजिनाच्या कप्प्याभोवतीचं रबर बसवलं. ते नसलं तर खालची तापलेली हवा वर येते आणि पंखा इंजिनाला तीच पुन्हा पाजतो. माझ्या गाडीत ते अर्धं गायब होतं. व्हॉल्व्हचं अंतर ०.१५ मिलिमीटरला जुळवलं, इंजिन पूर्ण गार असताना. एकाच सिलिंडरचं अंतर प्रत्येक वेळी कमी झालेलं आढळलं तर नुसतं जुळवून सोडू नका, तो व्हॉल्व्ह ताणतोय, एक दिवस तुटून आत पडेल. तेलाला अडीच लिटर पुरतं, आणि साधा फिल्टर नाही, नुसती जाळी. म्हणून तेल दर ५००० किलोमीटरला.

टायर बघायचं राहिलं होतं. नक्षी नव्यासारखी, पण बाजूवरचे चार आकडे वाचले तर १४०८, म्हणजे २००८चा चौदावा आठवडा. पाचही टाकून दिले. वजनदार गाडीला व्हॅनचेच टायर लागतात, मोटारीचे चालत नाहीत. आणि शेगडीच्या सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक असायलाच हवं, बाहेर उघडणारं. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो. माझ्या गाडीत कुणीतरी वारा येतो म्हणून त्या भोकात बूच मारून ठेवलं होतं.

जन्मदाखला आला. तारीख ऑक्टोबर १९७२, मॉडेल १९७३. मी तो, पेन्सिलचा कागद आणि पट्टीचा फोटो एकावर एक ठेवून खिडकीतून सरकवले आणि तोंड बंद ठेवलं. कारकुनाने वाचलं, वरिष्ठांना हाक मारली. त्यांनी स्वतःच्या नावाने संगणक उघडला, पहिल्याच पानावर 'जुने वाहन' असा एक पर्याय निवडला, आणि सतरा चौकटींच्या जागी एक साधी मोकळी ओळ आली. तो पर्याय फक्त त्यांनाच दिसतो. पहिल्या दिवसापासून होता.

त्यावर काय बोलायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

नवं पुस्तक आलं तेव्हा मी व्हॅनखाली होते. पुढच्या उजव्या चाकाची ब्रेकची रबरी नळी आतून फुगून ब्रेक धरून ठेवत होती, ती बदलत होते. हात पुसून उघडलं. नाव बरोबर, वर्ष १९७२, चेसिस नंबर दहाच्या दहा आकडे. रंगाच्या रकान्यात नुसतं 'पांढरा' लिहिलंय. गाडी खालून नारिंगी आणि वरून पांढरी आहे. मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा व्हॅनखाली गेले.