तुम्ही विचारलंत म्हणून: गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो का?

आठवड्यातून चार-पाचदा तरी हा प्रश्न येतोच. पेशंट विचारतो, पेशंटसोबत आलेली मावशी विचारते, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका विचारतात, आणि परवा तर माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचाच फोन आला, "अगं तू पॅथॉलॉजिस्ट आहेस ना, खरं सांग, सुई टोचली की गाठ पसरते का गं? सासूबाईंच्या गळ्याला गाठ आलीये, डॉक्टर एफएनएसी, ती सुईने पेशी काढून करतात ती तपासणी, करा म्हणतायत आणि घरात कुणी तयारच नाहीये." तिला जे सांगितलं तेच इथे नीट लिहितेय, कारण एकोणीस वर्षं चंद्रपुरात मी हेच काम करतेय आणि या एका भीतीपायी किती माणसं उशिरा आली ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर उत्तर आधी. नाही, पसरत नाही. काही मोजक्या गाठींना आम्ही स्वतःच सुई लावत नाही, त्या पुढे सांगते, पण मानेतली, थायरॉइडची, स्तनातली, काखेतली, लाळग्रंथीची गाठ असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर सुई करून घ्या.

सुई म्हणजे नक्की काय करतो ते माहीत नसतं म्हणूनही लोक घाबरतात. सुई २३ नंबरची असते, जाडी साधारण ०.६ मिलिमीटर, दंडात इंजेक्शन देतात ना तशीच (नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक). डाव्या हाताच्या दोन बोटांत गाठ पक्की धरायची, स्पिरिटचा बोळा फिरवायचा, सुई आत घालून पाच-सात वेळा मागेपुढे करायची आणि बाहेर काढायची, बस. भूलही लागत नाही, बरेच जण "झालं पण?" असं विचारतात. जे येतं ते बऱ्याचदा सिरिंजमध्ये दिसतही नाही, सुईच्या आत आणि तिच्या बुडाशी अडकलेलं असतं, मग सुई काढून सिरिंजमध्ये हवा भरायची, सुई परत लावायची आणि काचेच्या स्लाइडवर फुर्र करून तो थेंब उडवायचा, दुसऱ्या स्लाइडने हलक्या हाताने पसरायचा. एक स्लाइड वाळवायची, ती जिम्सा नावाच्या रंगासाठी (रंग दिला की पेशी ठळक दिसतात), दुसरी ओली असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये सोडायची, त्यात जरा उशीर झाला की पेशी फुगतात आणि आतलं काही धड दिसत नाही. या दुसऱ्या स्लाइडला जो रंग देतो त्याला आम्ही पॅप म्हणतो, बायकांची पॅप टेस्ट असते तेच नाव, मूळचे ग्रीसचे आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये काम केलेले डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्यावरून आलेलं. त्यांच्या पत्नी मेरी यांनी कित्येक वर्षं स्वतःचे नमुने नवऱ्याच्या अभ्यासासाठी दिले, हे मला नेहमी फार मोठं वाटत आलंय.

त्या एवढ्याशा थेंबाकडे नुसत्या डोळ्यांनी बघूनही थोडा अंदाज येतो. टीबीच्या गाठीतून दह्याच्या चोथ्यासारखं येतं, थायरॉइडमधलं कोलॉइड, म्हणजे तिथला चिकट रस, मधासारखं पसरतं, लाळग्रंथीच्या साध्या गाठीचं डिंकासारखं चकाकतं. आपल्याकडे मानेच्या गाठींत टीबी किती निघतो हे सांगितलं तर घरच्यांचा विश्वास बसत नाही, कॅन्सर धरून रडत आलेले लोक टीबीचा रिपोर्ट घेऊन घरी जातात. आणि आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात हत्तीरोग आहे, त्यामुळे कधीकधी भलतंच सापडतं, एका बाईंच्या स्तनातली गाठ सगळ्यांनी कॅन्सरच धरली होती आणि स्लाइडवर पेशींच्या मध्ये वळवळताना थांबल्यासारखे मायक्रोफायलेरिया, म्हणजे हत्तीरोगाच्या जंतांची पिल्लं, अंगाभोवती पातळ आवरण, न्यूक्लियसचे ठिपके शेपटीच्या टोकाच्या थोडं अलीकडेच थांबलेले. गोळ्यांनी बरं होणारं दुखणं निघालं. तो रिपोर्ट लिहिताना हात कापत होता माझा, आनंदाने.

आता ही भीती आली कुठून. ती फक्त आपल्या गावाकडची नाही बरं का. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधले सर्जन हेझ मार्टिन आणि तिथलेच टेक्निशियन एडवर्ड एलिस यांनी सुईने गाठ तपासायची पद्धत छापून आणली, तेव्हा सुई १८ नंबरची होती, म्हणजे आमच्या सुईच्या दुप्पट जाड, आणि तिकडच्या डॉक्टरांनीच ती पुढे फारशी उचलली नाही, पेशी मार्गात सांडतील ही शंका तेव्हाही होतीच. पद्धत खरी रुजवली ती स्वीडनच्या लोकांनी १९५० नंतर, बारीक सुई घेऊन. सुईच्या वाटेत कॅन्सर उगवला अशा केसेस जगात नोंदलेल्या आहेत, अजिबात होतच नाही असं मी म्हणणार नाही, पण बारीक सुईने ते इतकं क्वचित होतं की ज्याला होतं त्याच्यावर स्वतंत्र लेख छापला जातो. आणि कॅन्सरच्या पेशी रक्तात सांडायला सुईची वाट बघत बसत नाहीत, गाठ आपणहून त्या सोडतच असते, त्यातल्या बहुतेक मरतात.

मग शेजारच्या काकूंची गाठ सुईनंतर महिन्याभरात पसरली ती कशी? ती आधीच पसरलेली होती हो. सुई केली, रिपोर्ट आला, मग सीटी स्कॅन झाला, आणि स्कॅनमध्ये लिव्हरला दिसलं. घरच्यांना तारखा आठवतात त्या अशाच, आधी सुई मग लिव्हर, म्हणून दोष सुईवर जातो, आणि ती गोष्ट गावभर होते. ज्यांची सुई झाली, वेळेवर ऑपरेशन झालं आणि आज शेतात काम करतायत त्यांची गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही.

एक बाई मला विसरता येत नाहीत. चाळिशीच्या असतील, स्तनातली गाठ लिंबाएवढी, त्वचा चांगली, मी सुई तयार करून ठेवलेली आणि त्यांचा दीर म्हणाला, "सुई लावली तं गाठ चिडते म्हणते मॅडम, आम्ही घरी विचारून येतो." आल्या त्या आठ महिन्यांनी. ब्लाऊजच्या आत हळदीचा लेप आणि त्याखाली जखम झालेली. त्या दिवशी सुईची गरजही फारशी उरली नव्हती. मी त्यांना पहिल्या दिवशीच थांबवायला आणखी दहा मिनिटं द्यायला हवी होती असं मला आजही वाटतं, तेव्हापासून जो कुणी "विचारून येतो" म्हणतो त्याला मी खुर्ची देते, चहा मागवते आणि घरच्यांना तिथूनच फोन लावायला सांगते.

अकरा वर्षांच्या एका मुलाचंही सांगायलाच हवं. मानेला दोन्ही बाजूंनी एवढ्या गाठी की शर्टाचं वरचं बटन लागत नव्हतं, दुखत काही नव्हतं, शाळेत पोरं चिडवायची म्हणून उन्हाळ्यातही दुपट्टा गुंडाळून फिरायचा. एका ठिकाणी सुई न लावताच टीबीचा कोर्स सुरू केला होता, सहा महिने गोळ्या खाल्ल्या लेकराने, फरक शून्य. आजी म्हणाली, "सुई नोका खुपसू बाई लेकराच्या मानेत." खूप समजावल्यावर हो म्हणाली. स्लाइड लावली आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसले. कचरा गिळणाऱ्या ज्या मोठ्या पेशी असतात ना त्यांच्या पोटात अख्ख्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), एकीच्या आत तर सात-आठ मोजल्या, प्रत्येकीभोवती स्वच्छ कडं, एकही पचलेली नाही, जणू पाहुणचाराला आल्यासारख्या आत हिंडतायत. याला एमपेरिपोलेसिस म्हणतात आणि दुखण्याचं नाव रोझाय-डॉर्फमन, १९६९ मध्ये ज्या दोन डॉक्टरांनी चार पेशंटवरून ते पहिल्यांदा वेगळं ओळखलं त्यांच्या नावाने. दुर्मीळ आहे, कॅन्सरसारखं दिसतं, टीबीसारखं वाटतं, आणि लहान मुलांत बऱ्याचदा आपोआप ओसरतं. उरलेलं मटेरियल नागपूरला पाठवून एस-१०० ची, म्हणजे त्या मोठ्या पेशींची ओळख पटवणारी, टेस्ट करून घेतली, पॉझिटिव्ह आली. मोठं ऑपरेशन नाही, टीबीच्या गोळ्या बंद, फक्त लक्ष ठेवायचं ठरलं. दीड वर्षाने आला तेव्हा कॉलर बंद होती.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तसंच आहे हे सगळं. पण शितावरून भात शिजलाय की नाही ते कळतं, पातेल्याला भोक आहे का ते कळत नाही. थायरॉइडच्या फॉलिक्युलर गाठीत नेमकं हेच होतं, साध्या गाठीच्या पेशी आणि कॅन्सरच्या पेशी सारख्याच दिसतात, गाठीचं कवच ओलांडलंय का यावर सगळं ठरतं आणि ते गाठ काढून तपासल्याशिवाय दिसत नाही. मैत्रिणीच्या सासूबाईंचा रिपोर्ट "फॉलिक्युलर निओप्लाझम" असा आला तर सुई फुकट गेली असं समजू नका, थायरॉइडच्या सुईचे रिपोर्ट गटांत मांडायची जी बेथेस्डा पद्धत आहे तिच्यातला तो सहापैकी चौथा गट आहे आणि पुढे काय करायचं ते डॉक्टरांना त्यावरून कळतं. स्तनाच्या गाठीत हल्ली जाड सुईची बायोप्सी जास्त करतात कारण कोणतं औषध चालेल ते सांगणाऱ्या ईआर, पीआर, हर-टू या तपासण्यांना तुकडा चांगला लागतो. तिथे डॉक्टर बायोप्सी म्हणाले तर बायोप्सी करा.

आणि ज्यांना सुई लावत नाही त्या गाठी. अंडकोषाची गाठ, कारण वरच्या कातडीचं लिम्फ (शरीरातला पाणीदार रस, त्याच्या वाटेने कॅन्सर पसरू शकतो) जांघेत जातं आणि अंडकोषाचं पोटात, आपण उगाच कॅन्सरला नवी वाट दाखवायची नाही. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये सुईच्या वाटेत पेशी रुजल्याचं जास्त दिसलंय, सिरोसिसच्या (लिव्हर कडक होण्याच्या) पेशंटला स्कॅनवर ठरावीक चित्र दिसलं तर सुईशिवायच निदान करतात. किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीच्या एका प्रकारच्या गाठीत सुईने बीपी एकदम भडकू शकतं म्हणून आधी रक्त-लघवी तपासतात. म्हणजे कुठे सुई लावायची नाही हे आम्हालाही शिकवलेलं असतं.

येताना रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू असतील तर आधीच सांगा, मनाने बंद करू नका. जुने रिपोर्ट आणा. आणि कुठेही सुई केली असेल तर कागदासोबत स्लाइडही मागून घ्या, मोठ्या हॉस्पिटलात दुसरं मत घ्यायचं तर तिथले डॉक्टर काचच बघतात. फक्त रुमालात बांधून आणू नका, गडचिरोलीहून एसटीने आलेल्या अशा दोन स्लाइड माझ्या टेबलावर उघडल्या तेव्हा चार तुकडे झाले होते. लॅबवाल्याकडे प्लास्टिकची छोटी डबी मिळते, ती मागा.