तुम्ही विचारलंत म्हणून: सोप्रानो सॅक्सोफोनला माउथपीस कुठला घेऊ?

महिन्यातून एक तरी मेसेज येतोच. "दादा, नुकताच सोप्रानो घेतलाय, माउथपीस कुठला घेऊ? केनी जीसारखा आवाज पाहिजे." कधी नुसतंच "मेटलचा की रबरचा?" सोप्रानो म्हणजे लहान, उंच आवाजाचा सॅक्स, केनी जी हा त्याचा गाजलेला वादक, आणि माउथपीस म्हणजे तोंडात धरून फुंकायचा भाग. एका लग्नात तर एका काकांनी ही सोन्याची सनई कितीला पडली म्हणून विचारलेलं, पण ते सोडा.

आधी माझंच सांगतो. मी सात-आठ वर्षं अल्टो, म्हणजे त्याहून मोठा सॅक्स, वाजवून सोप्रानोवर आलो, त्यामुळे आपल्याला सगळं येतं हा माज होताच. सॅक्सबरोबर आलेला काळा प्लास्टिकचा माउथपीस मी पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नाही, थेट मेटलचा मागवला, चकचकीत, आणि बॅफल एकदम उंच. बॅफल म्हणजे रीडच्या (फुंकल्यावर थरथरणाऱ्या पातळ पट्टीच्या) समोरची आतली बाजू, ती उंच असली की जागा चिंचोळी होते, हवा जोरात सुटते आणि आवाज धारदार निघतो. पहिल्या दिवशी घर दणाणलं, मी खूश. चौथ्या दिवशी कीबोर्डवाल्या मित्राबरोबर बसलो तर त्याने दुसऱ्याच ओळीला हात उचलले, म्हणाला, "तू नक्की कुठल्या पट्टीत आहेस?" ट्यूनर, म्हणजे सूर मोजायचं यंत्र, लावला. खालच्या सप्तकातला जी हा सूर बरोबर, वरच्या सप्तकातला तोच तीस सेंट चढा (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर), आणि डाव्या तळहाताने दाबायच्या वरच्या चाव्यांवर तर काटा उजवीकडे जाऊन बसला तो उठेचना. मग माउथपीस थोडा बाहेर ओढला, तर वरचे सूर जरा खाली आले पण खालचे सगळे पडले, आणि सॅक्सच्या टोकाच्या कॉर्कवर तो एवढासाच उरल्यामुळे वाजवताना डुगडुगायला लागला.

हे का होतं ते मला फार उशिरा कळलं. सॅक्सोफोन म्हणजे मुळात एक शंकू, आणि त्या शंकूचं टोक कापून तिथे माउथपीस बसवलेला असतो. माउथपीसच्या आत जी पोकळी असते ती त्या कापलेल्या टोकाएवढी भरली पाहिजे, तर वरचं आणि खालचं सप्तक एकमेकांशी जुळतं. टेनर या आणखी मोठ्या सॅक्सला ते टोक मोठं, तिथे थोडं इकडे-तिकडे खपतं. सोप्रानोचं टोक इतकंसं, की चेंबर, म्हणजे हीच पोकळी, जरा लहान निघाला तरी वरचे सूर पळतात. त्यात आम्ही अल्टोवाले सवयीने ओठ आवळतो, म्हणजे आगीत तेलच.

म्हणून माझं मत विचाराल तर सोप्रानोला माउथपीस आवाजासाठी नाही, सुरासाठी निवडायचा. सुरुवातीला साधा, मध्यम चेंबरचा, बॅफल फार नाही असा घ्या. यामाहाचा 4सी चालेल, थोडे जास्त पैसे असतील तर सेल्मरचा सी स्टार, दोन्हींचं तोंड, म्हणजे रीड आणि माउथपीसच्या टोकामधली फट, फार उघडं नाही. रीड अडीच नंबरचं लावा. माउथपीसवरच्या आकड्यांच्या मागे लागू नका, एका कंपनीचा 7 म्हणजे दुसऱ्या कंपनीचा 7 नव्हेच. आणि मेटल की रबर हा वाद रात्रभर चालतो पण आतला आकार काय आहे यानेच खरा फरक पडतो, मेटलमध्येही गोड वाजणारे आहेत आणि एबोनाइटमध्येही (म्हणजे कडक रबरात) किंचाळणारे आहेत. एबोनाइट घेतलात तर गरम पाण्याने धुऊ नका एवढंच, हिरवट पडतो आणि गंधकाचा वास मारतो, माझा एक असाच गेला.

रागदारी किंवा नाट्यगीतं वाजवणाऱ्यांचा प्रश्न जरा वेगळा असतो. (कद्री गोपालनाथांचं नाव हमखास निघतं, पण ते अल्टो वाजवायचे.) मींड घ्यायची तर सूर ओठाने ओढता आला पाहिजे, आणि त्यासाठी मोठा चेंबर आणि थोडं जास्त उघडं तोंड बरं पडतं. पण ज्याला सूर ओढता येतो त्याचा सूर घसरतोही, हे सहा महिने सरळ लांब सूर धरून झाल्यावरच करा. नाहीतर मींड कुठे संपली आणि कणसूर कुठे सुरू झाला ते ऐकणाऱ्याला कळत नाही, तुम्हालाही नाही.

दुकानात गेलात तर स्वतःचा सॅक्स, स्वतःचं नेहमीचं रीड, एखादं जादाचं आणि ट्यूनर घेऊन जा. रीड बांधा, मागचं भोक तळहाताने घट्ट बंद करा, टोकाकडून हवा ओढून घ्या आणि तोंडातून काढा. रीड दोन-तीन सेकंद चिकटून राहून मग टप् करून सुटलं तर रीड नीट बसतंय. लगेच सुटलं तर कुठूनतरी हवा जातेय, एकदा रीड बदलून बघा, तरी तेच असेल तर तो माउथपीस ठेवून द्या. मग नुसता माउथपीस फुंकून बघा, पाश्चात्य क्लासिकलवाले सोप्रानोला कॉन्सर्ट सी (म्हणजे पियानोवरचा सी) सांगतात, जॅझवाले त्याच्याही खाली ठेवतात. तुमचा त्याच्या वर जात असेल तर आधी ओठ सैल करा, दोष माउथपीसचा नाही. मग सॅक्सला लावून खालचा सूर आणि त्याचंच वरचं सप्तक, डोळे मिटून वाजवा आणि मगच ट्यूनरकडे बघा. काटा बघत बघत वाजवलं की ओठ आपोआप जुळवून घेतात आणि माउथपीस पास होतो. मी असाच फसलोय, एकदा नाही, दोनदा.

आणि तो मेटलचा? दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होता. मग एका मित्राने त्याच्या आजोबांच्या वेळच्या सोप्रानोवर लावून बघितला तर वरपासून खालपर्यंत सुरात, मी तिथेच बसून ट्यूनर धरला होता. म्हटलं घेऊन जा, पैसे सावकाश दे. ते अजून सावकाशच चाललंय.