सोलं वाळत घातलेली असताना

"काहीतरी चांगलं ऐकायला सांग," असं कुणी म्हटलं की "कुठल्या प्रकारचं?" हे मी विचारत नाही. पंक, इंडी (छोट्या स्वतंत्र कंपन्यांतलं), मेटल, कोरल (समूहगान) हे खण दुकानदारांच्या सोयीचे. त्यांना माल कुठेतरी रचायचा असतो. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डींचं दुकान चालू होतं (ते २०१६ मध्ये बंद झालं), तेव्हा त्या खणांतून बोटं फिरवत मीही पुष्कळ उभा राहिलोय. पण मालवणात परत येऊन स्वतःचं दुकान थाटल्यापासून माझे प्रश्न दोनच असतात. कधी ऐकणार, आणि ऐकताना हात कशात असणार? बरेच जण इथेच वैतागून परत फिरतात. जे उरतात त्यांना मी मनापासून अल्बम सांगतो.

यात माझा विक्षिप्तपणा थोडा असेल, पण बराचसा दोष हवेचा. जून ते सप्टेंबर कौलांवर जो मारा चालतो, त्यात एकट्या गिटारवर हळू आवाजात गाणारा माणूस ऐकूच येत नाही. मे महिन्यात पंखा घरघरतो आणि शेजारी आंब्याच्या पेट्या ठोकतात. डिसेंबरातल्या पहाटे तेवढ्या शांत, पण तोवर जत्रा सुरू झालेल्या असतात आणि निम्मा गाव रात्र जागून झोपलेला असतो. अल्बम चांगला की वाईट हे नंतर ठरेल. आधी तो या सगळ्यातून कानापर्यंत पोचला पाहिजे.

पावसाळ्यातून हमखास पोचणारा अल्बम म्हणजे ब्लॅक सॅबथचा पहिला. नाव बँडचंच. १३ फेब्रुवारी १९७० ला तो आला आणि मेटल तिथून सुरू झालं असं बहुतेक जण मानतात. सुरुवातीला गाणं नाहीच. पाऊस पडतो, गडगडतं, लांब कुठेतरी चर्चची घंटा वाजते आणि मग गिटारवर तीन सूर येतात: षड्ज, वरचा षड्ज आणि तिथून खाली तीव्र मध्यम. यमनात हाच तीव्र मध्यम किती गोड लागतो! इथे त्याच्या शेजारचा पंचम काढून घेतलाय, त्यामुळे तो अंगावर येतो. जुलैतल्या रात्री आमच्या माजघरात हे लावलं की त्यांचा पाऊस कुठे संपला आणि आपला कुठे सुरू झाला ते कळत नाही.

एकदा मात्र मी तो मे महिन्यात लावला. अंगणात रातांब्याची सोलं (आमसुलं) वाळत होती. ती मिठाच्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात टाकायची असतात, आणि त्यांच्यावर वळवाची एक सर पडली तरी सगळे कष्ट बुरशीच्या घशात. गडगडाट ऐकल्याबरोबर आई सूप घेऊन स्वयंपाकघरातून धावत सुटली. अर्धी सोलं गोळा झाल्यावर तिने वर बघितलं. आकाश लख्ख. मग खिडकीतून माझ्याकडे बघितलं.

"ह्येंका मे म्हयन्यात पाऊस खय गावलो?"

ही माणसं बर्मिंगहॅमची, तिकडे बारा महिने पडतो, असं सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. मग मी तिला टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. या बँडचा गिटारवाला पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्राने उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तोडली. आणि हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवाच. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड ऐकवली. त्या जँगोची दोन बोटं आगीत जायबंदी झाली होती, तरी तो वाजवायचा. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा चढवल्या आणि १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपर्यंत त्या तारा आणखी सैल सोडून खालच्या पट्टीत वाजवायला लागला. मेटलचं ते जडशीळ वजन पुष्कळसं या सैल तारांचं. आईने सूप खाली ठेवलं, "बिचारो!" म्हणाली आणि सोलं परत पसरायला गेली. अल्बमला तिने तेवढ्यावर माफ केलं. पण माझा नियम तेव्हापासून पक्का आहे: सोलं, पापड, मिरच्या, सुकी मासळी यांतलं काहीही अंगणात असेल तर ब्लॅक सॅबथ सांगायचा नाही.

भाचा ओंकार मुंबईत इंजिनिअरिंगला. त्याला दशावताराचं वेड, कार्तिकात सुट्टी काढून जत्रांना येतो. त्याला मी डेमॉनिक रिझरेक्शन या मुंबईच्या मेटल बँडचा २०१७ चा अल्बम सांगितला. त्याचं नावच 'दशावतार'. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी, क्रमाने. गंमत अशी की आमच्या दशावतारात रात्रभर बसलं तरी दहा अवतार कुणी दाखवत नाही. आधी गणपती येतो, संकासुर येऊन भटाची फिरकी घेतो, विष्णू त्याला मारतो, आणि मग पहाटेपर्यंत पुराणातलं एखादं आख्यान चालतं. म्हणजे नाव आमचं आणि हिशोब पुरा केला तो मुंबईच्या केसाळ पोरांनी. सहावं गाणं परशुरामाचं. आमच्या भूमीच्या मूळ मालकाचं म्हणून ते मी जरा मोठ्या आवाजात लावतो. गळ्यातून काढलेल्या त्या खर्जातल्या गुरगुराटाने शहरातली माणसं दचकतात. इकडे, देवळासमोर राक्षसाची एंट्री पाहत वाढलेल्या पोराला त्यात नवीन काही वाटत नाही. ओंकारची तक्रार वेगळीच होती. "मामा, पेटी पाहिजे होती रे."

पंकसाठी माझा परीक्षक सदा. सदा भजनाच्या डबलबारीला पखवाज वाजवतो. दोन बुवा समोरासमोर, एकाने गायचं, दुसऱ्याने त्याच्यावर चढवायचं, आणि गजराला लय अशी वाढत जाते की पेटीवाल्याच्या कपाळावरची शीर दिसते. अशा माणसाला रामोन्स हा पंक बँड पसंत पडणार याची मला खात्री होती. त्यांचा पहिला अल्बम १९७६ चा, चौदा गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. ६,४०० डॉलरांत उरकलेला. आलाप नाही, गिटारची लांबण नाही, तीन-चार कॉर्ड आणि धाव.

दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून आम्ही एकच इअरफोन वाटून घेतला, एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. तर या रेकॉर्डिंगमध्ये बेस एका बाजूला आणि गिटार दुसऱ्या बाजूला आहे. सदाच्या वाट्याला बेस आला, माझ्या वाट्याला गिटार. तो ठेक्याबद्दल बोलतोय, मी करकरीबद्दल, आणि दोघंही एकमेकांना तू ऐकतच नाहीस म्हणून सुनावतोय. अर्ध्या तासाने इअरफोन काढून त्याने एवढंच विचारलं, "ह्यो बुवा दम खय घेता?" पंकवर याहून नेमकं समीक्षण मी वाचलेलं नाही. एरवी हा अल्बम मी एसटीसाठी सांगतो. मालवणात लावला तर कट्ट्याच्या आसपास संपतो, आणि तेवढ्यात डुलकी लागायचा प्रश्नच येत नाही.

पंकमध्ये एकच सांगायची वेळ आली तर मात्र मी द क्लॅशचा 'लंडन कॉलिंग' सांगतो, आणि शक्यतो राजापूरच्या माणसाला. डिसेंबर १९७९ मधला अल्बम. दोन रेकॉर्डी, पण किंमत एकीची. बँडने त्यासाठी कंपनीशी हुज्जत घातली. आत नुसता पंक नाही, रेगे आहे, स्का आहे, जुना रॉकअँडरोल आहे. पहिल्याच गाण्यात टेम्सला पूर येऊन लंडन बुडण्याची भीती आणि अणुभट्टीतल्या चुकीची धास्ती. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडचा अपघात झाला होता. आता राजापूरच्या बाजारपेठेत अर्जुना-कोदवलीचं पाणी शिरतं, आणि तालुक्यातच जैतापूरचा अणुप्रकल्प प्रस्तावित आहे. तिथल्या माणसाला या गाण्याचा संदर्भ समजावून सांगावा लागत नाही. तो फक्त "हे लंडनात पण?" एवढं म्हणतो.

इंडीबद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात माझं मन कमी. माणसं गुणी, पण हळवेपणा फार. बॉन इव्हेरचा 'फॉर एमा, फॉरएव्हर अगो' घ्या. २००६-०७ च्या हिवाळ्यात बॉन इव्हेरचा गायक जस्टिन व्हर्नन वडिलांच्या विस्कॉन्सिनमधल्या शिकारीच्या लाकडी घरात एकटा जाऊन राहिला आणि बहुतेक सगळं तिथेच स्वतः रेकॉर्ड केलं. सगळा अल्बम चिरक्या, पातळ आवाजात. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण त्याला बर्फ लागतं, आणि आमच्याकडे पारा वीसच्या खाली गेला तरी लोक कानटोप्या काढतात. आईने दारातूनच विचारलं, "ह्यो रडता काय गाता?" मला उत्तर देता आलं नाही. होस्टेलवर पहिल्यांदा राहायला गेलेल्या पोरांना मी हा अल्बम सांगतो. त्यांना रडण्यातलं आणि गाण्यातलं अंतर तसंही नको असतं.

इंडियन ओशनचा 'कंदिसा' मात्र मी कुणालाही, कधीही सांगतो. सन २०००, दिल्लीचा बँड, आणि शीर्षकगीत चक्क केरळच्या सीरियन ख्रिश्चनांचं जुनं सिरियाक भाषेतलं स्तोत्र. या गाण्यावरून मी रोझीमावशीपर्यंत पोचलो. रोझीमावशी आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये खालची पट्टी गाते. नाताळ जवळ आला की तिच्या घरी तालीम, आणि तालमीनंतर नेवऱ्या. तिने 'कंदिसा' ऐकला, मान डोलावली आणि म्हणाली, "चांगला आसा. पण दुसरी पट्टी खय?" तिला सगळे एका सुरात गाताना ऐकलं की चुकल्याचुकल्यासारखं होतं.

दुसरी पट्टी हवी म्हणून तिला बल्गेरियन बायकांचा अल्बम दिला, 'ल मिस्तेर दे व्वा बुल्गार'. बल्गेरियाच्या सरकारी रेडिओचा महिलांचा वृंद, गाणी खेड्यापाड्यांतली, त्यांवर संगीतकारांनी केलेली बांधणी. मार्सेल सेलिए या स्विस माणसाने १९७५ मध्ये ती पहिल्यांदा अल्बम म्हणून काढली. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. पुढे बाउहाउस या बँडच्या पीटर मर्फीने एक कॅसेट आपल्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला ऐकायला दिली, आणि १९८६ मध्ये फोर-ए-डी या लंडनच्या इंडी कंपनीने, काळे कपडे घालून उदास गाणाऱ्या आपल्या मंडळींच्या रांगेत, या बायकांचा अल्बम बाजारात आणला. चालला! खणांवर माझा विश्वास का नाही, याचं कारण मी लोकांना हेच सांगतो.

रोझीमावशीने पहिलं गाणं संपेपर्यंत भुवया खाली आणल्या नाहीत. एक आवाज आडवा धरलेला, त्याच्या अगदी अंगाला घासून दुसरा. हार्मोनियमच्या शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्यावर जशी हवा थरथरते तसं. तिचं म्हणणं पडलं, "दोन जावा एका चुलीवर रांधतत तसा वाटता. पण जेवण बरा झालाहा." पुढच्या तालमीला तिने वरच्या पट्टीतल्या मुलींना मुद्दाम अर्धा सूर खाली आणून बघितलं. फादर आतून धावत आले.

तिच्यासाठी शेवटचा अल्बम टॅलिस स्कॉलर्स या गायकवृंदाचा, १९८५ चा. त्यात टॉमस टॅलिस या इंग्लिश संगीतकाराचं 'स्पेम इन आलियम' आहे, साधारण १५७० मधलं. चाळीस आवाज आणि चाळीसही वेगळे. पाचपाच जणांचे आठ गट, एक गट सुरू करतो, दुसरा उचलतो, असं करत आवाज खोलीभर फिरतो आणि मग सगळे एकदम येतात. असे अल्बम लाइट गेल्यावर ऐकावेत असा माझा आग्रह असतो. आमच्याकडे लाइट जायला निमित्त लागत नाही. पंखा, फ्रिज, शेजारचा पंप, समोरच्या घरातली मालिका सगळं एका क्षणात बंद. पाऊस नसेल तर घर एवढं गप्प एरवी कधीच नसतं. मोबाइलला तीस टक्के बॅटरी असली तरी दहा मिनिटांचं टॅलिस आरामात होतं. मावशीला चाळीस आवाजांपेक्षा चाळीस माणसांचंच आश्चर्य जास्त वाटलं. त्यांच्या तालमीला आठ जण वेळेवर येत नाहीत.

ओंकारची मागणी आता वाढली आहे. मांडवी एक्स्प्रेसने मुंबईला जाताना नेटवर्क कधी असतं, कधी नसतं, म्हणून कुडाळ सोडायच्या आधीच सगळं डाउनलोड करून घेतो. रत्नागिरीच्या पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. गाडी वेगात असेल तर त्यात रामोन्सची दोन गाणी बसतात, पावसाळी वेळापत्रकात तिसरंही बसतं. हे गणित त्याचं, माझं नाही. परवा त्याने विचारलं, अख्ख्या प्रवासात बदलावं लागणार नाही असं काहीतरी सांग. मी स्लीप या मेटल बँडचा 'डोपस्मोकर' सांगितला. जवळजवळ अल्बमभर एकच संथ गाणं, त्रेसष्ट मिनिटांचं. १९९० च्या दशकात रेकॉर्ड झालं तेव्हा कंपनीने ते काढायलाच नकार दिला. या रूपात बाहेर पडायला २००३ उजाडलं. कुडाळला लावलं तर वैभववाडीच्या आसपास संपेल.

"आणि मध्ये क्रॉसिंगला गाडी थांबली तर?"

"तर पहिल्यापासून लाव. फरक कळणार नाही."