तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्याला का गेलो नाही

"पुण्याची बदली चालून आली होती, मग नको का म्हणालात?" लग्नात भेटणारे विचारतात, सासुरवाडीला विचारतात, हल्ली हिंजवडीत नोकरीला असलेला मुलगाही विचारतो. दरवेळी "आई थकली होती" म्हणतो आणि विषय संपवतो. आई थकलीच होती. पण एवढंच कारण नव्हतं.

आमचा कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा. अकाउंट्समध्ये मी एकोणीस वर्षं होतो. २०१४ साली हेड ऑफिस पुण्याला हललं, मशीन शॉप इथंच राहिलं. माझ्यावर अन्याय झाला असं तुम्ही धरून चालता. अहो, त्या निर्णयाचा हिशोब मीच काढून दिला होता! बँकेच्या बैठका पुण्यात, गिऱ्हाइकं चाकणची, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून रोज कुणीतरी अडीचशे किलोमीटर जायचं. मुलाखतीला आलेला इंजिनियर पगाराआधी विचारायचा, नळाला पाणी किती दिवसांनी येतं? चार-पाच दिवसांनी, असं सांगताना मान खाली जायची. होटगी रोडला धावपट्टी होती, पण नेमानं येणारं विमान नव्हतं. ते सुरू व्हायला २०२५ उजाडलं, आणि त्याआधी २०२३ मध्ये विमानाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडावी लागली. मी आकडे खरे मांडले. बेरीज पुण्याच्या बाजूनं आली.

सोलापूरला यात नवं काही नाही, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. जुनी मिल १८७७ ची, काढली मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांनी. १९४९ साली ती बंद पडली, तेव्हा तिच्यासाठी दिल्लीत खास कायदा करावा लागला. वालचंद हिराचंद १८८२ साली इथंच जन्मले, पण त्यांची सिंदिया ही जहाज कंपनी मुंबईत उभी राहिली आणि विमानाचा कारखाना बंगळूरला. जहाजाला समुद्र लागतो, ते मान्य. पण घाम इथं आणि सही तिकडं, ही आमची जुनीच रीत आहे, असं म्हणून मी गप्प बसलो. आज त्या गप्प बसलेल्या माणसाला विचारावंसं वाटतं की प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आणि बालाजी अमाइन्स यांची नोंदणीकृत कार्यालयं सोलापुरातच आहेत, ती कशी राहिली? तुझ्या तक्त्यात हा रकाना का नव्हता?

ऑफिस हललं त्याच्या दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. मशीन शॉपमध्ये एक मामा होते. पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलणारे, लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडल्यावर आमच्याकडे लागलेले. बायको विड्या वळायची. एका दुपारी ते काउंटरला आले. बायकोला दवाखान्यात घातलं होतं, पंधरा हजार ॲडव्हान्स हवा होता. आधी असा अर्ज आला की मी साहेबांच्या केबिनमध्ये जायचो आणि अर्ध्या तासात व्हाउचर व्हायचं. आता दोन हजारांच्या वर एचओची, म्हणजे पुण्याच्या हेड ऑफिसची, मंजुरी लागत होती.

"सायेब, तुमची सही झाली की झालं की," मामा म्हणाले.

मी म्हटलं, "मामा, आता माझी सही चालत नाही."

त्यांना ते पटेना. एकोणीस वर्षं ज्याच्या हातून पगार घेतला त्याची सही चालत नाही, हे त्यांना कसं समजावायचं? "मग पुण्याला फोन लावा की," म्हणाले. लावला. तिकडचा मुलगा म्हणाला, मेल टाकून ठेवा, मंजुरी देणारी पोस्ट अजून भरलेली नाही.

ती पोस्ट मला देऊ केलेली होती. मी नकार कळवला होता, म्हणून खुर्ची रिकामी होती.

मामा संध्याकाळपर्यंत गेटजवळच्या बाकावर बसून होते. मी खिशातले दोन हजार दिले, त्यांनी घेतले. मंजुरी चौथ्या दिवशी आली. तोवर त्यांनी सावकाराकडून महिना दहा टक्क्यांनी पैसे उचलले होते. बायको वाचली. सावकार फिटायला वर्ष लागलं. त्यानंतरही पगाराच्या दिवशी मामा मला नमस्कार करायचे आणि मी वहीत तोंड घालायचो.

सोलापूर सोडायचं नाही, आपल्या माणसांत राहायचं, हे मी अभिमानानं सांगत आलोय. आजही त्यात खोट वाटत नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षतेच्या दिवशी एचओनं स्टॉक ऑडिट लावलं, तेव्हा भांडून ते पुढं ढकलणारा मीच होतो. इथं कुणी नसतं तर ते भांडण तरी कुणी केलं असतं? पण आपल्या माणसांचं काम करता यावं म्हणून राहिलो म्हणावं, तर ते काम करायची ताकद त्या खुर्चीत होती आणि मी ती नको म्हटली होती. तिथं बसलो असतो तर मामांचा अर्ज त्याच दिवशी सुटला असता? की वर्षभरात मीही "मेल टाकून ठेवा" म्हणायला लागलो असतो? दोन्ही उत्तरं मला खरी वाटतात, आणि रात्री कुठलं वर येईल ते माझ्या हातात नसतं.

आणखी एक, जे घरातही कुणाला ठाऊक नाही. मामा बाकावर बसले होते त्याच संध्याकाळी साहेबांचा पुण्याहून फोन आला. जागा अजून रिकामी आहे, पुन्हा विचार करा म्हणाले. विचार करून सांगतो म्हटलं. आठवड्यानं परत त्यांचा नंबर दिसला. मी फोन उचलला नाही.