तुम्ही विचारलंत म्हणून : रग्बी कशी पाहावी, आणि मी ती अजून का पाहते

मला गेली काही वर्षे दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. पहिला प्रश्न वेलिंग्टनला नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांकडून येतो, आणि जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीगचे सामने झाल्यापासून तो सांगली-पुण्याहून फोनवरही येऊ लागला आहे : 'त्या धक्काबुक्कीत तुम्हाला कळतं तरी काय? आम्हालाही सांगा, कसं बघायचं ते.' दुसरा प्रश्न आमच्या घरातली हकीकत ठाऊक असलेले लोक विचारतात, आणि बहुधा आवाज खाली आणून विचारतात : 'पोराच्या डोक्याला एवढं लागलं, तरी तुम्ही अजून तो खेळ बघता?' आजवर पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी उत्साहाने देत आले आणि दुसऱ्याचे तुटकपणे. परंतु ही दोन उत्तरे एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

सामन्याआधीचा माओरी नाच हाका आणि ऑल ब्लॅक्सची, म्हणजे न्यूझीलंडच्या संघाची, काळी जर्सी तुम्हाला माहीत आहे. त्यावर वेळ घालवत नाही. आम्ही न्यूझीलंडला आलो ते २०११ साली, नेमके इथल्या रग्बी विश्वचषकाच्या वर्षी. २३ ऑक्टोबरला ऑकलंडच्या ईडन पार्कवर फ्रान्सविरुद्धचा अंतिम सामना न्यूझीलंडने ८-७ असा जिंकला. ऐंशी मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून पंधरा गुण! शेजारच्या आजोबांनी आम्हाला सामना पाहायला घरी बोलावले होते. खोलीतली माणसे श्वास रोखून बसली होती, आणि मला मात्र माणसांचा ढीग, शिट्टी आणि पुन्हा ढीग एवढेच दिसत होते. शेवटी न राहवून मी विचारले, तेव्हा आजोबांनी सांगितले की चेंडूकडे बघू नकोस, बाकीचे कुठे उभे आहेत ते बघ. मला ती त्या वेळी बोळवण वाटली. आज तुम्हाला देण्यासाठी माझ्याकडे याहून चांगले उत्तर नाही.

माझे वडील कबड्डी खेळत असत, त्यामुळे पकड, चढाई आणि अंगावर येणारा माणूस यांचे मला भय नव्हते. अडचण वेगळीच होती. कबड्डीत रेषा फक्कीने आखलेल्या असतात. रग्बीतली सर्वांत महत्त्वाची रेषा मैदानावर कुठेही आखलेली नसते आणि ती चेंडूबरोबर सतत सरकत राहते. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, फक्त मागे किंवा आडवा देता येतो. पुढे न्यायचा असेल तर तो घेऊन धावावे लागते किंवा पायाने मारावा लागतो. धावणाऱ्याला समोरच्याने मिठीत घेऊन पाडले (याला टॅकल म्हणतात) की पडलेल्याने चेंडू तत्काळ सोडायचा आणि पाडणाऱ्याने त्याला सोडून बाजूला व्हायचे. मग दोन्ही संघांतले, पायांवर उभे असलेले खेळाडू जमिनीवरच्या चेंडूवरून एकमेकांना रेटतात. यालाच रक म्हणतात, आणि तुम्हाला दिसतो तो ढीग हाच. रकमधल्या आपल्या शेवटच्या माणसाच्या मागच्या पायातून एक अदृश्य रेषा मैदानाच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाते. रकमध्ये नसलेल्या प्रत्येकाने त्या रेषेच्या मागे राहायचे. पुढे राहिला तर तो ऑफसाइड. एका सामन्यात शंभराहून अधिक वेळा हा ढीग होतो, म्हणजे तितक्या वेळा तीस माणसे दोन रेषांमागे पुन्हा रांग लावतात. रग्बी कळणे म्हणजे ही रांग दिसू लागणे.

तेव्हा ढीग झाला की त्यात काय चालले आहे ते तूर्त सोडून द्या आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाका. बचाव करणारे डावीकडे किती आहेत, उजवीकडे किती आहेत, कोण अजून धापा टाकत मागे परततो आहे, हे पाहा. चढाई करणारे चौघे आणि त्यांच्यासमोर तिघेच उभे असतील, तर ढिगातून चेंडू बाहेर देणारा नऊ क्रमांकाचा खेळाडू तो तिकडेच काढणार. असे आठ-दहा सामने पाहिलेत की ट्राय, म्हणजे रग्बीतला गोल, होण्याच्या दोन-तीन क्षण आधी तुम्हाला तो दिसेल, आणि त्या दिवसानंतर तुम्ही कोणालाही 'यात काय कळतं' असे विचारणार नाही.

गुणांचे गणित सोपे आहे. विरोधी संघाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्रायचे ५, त्यानंतर खांबांमधून चेंडू मारता आला तर आणखी २, पेनल्टीच्या किकचे ३ आणि चालू खेळात मारलेल्या ड्रॉप गोलचे ३. अंधेरीला तुम्ही पाहिलात तो सात-सात खेळाडूंचा झटपट प्रकार. पंधरा जणांच्या खेळात ऐंशी मिनिटे झाली तरी चेंडू बाहेर जाईपर्यंत किंवा खेळ थांबेपर्यंत सामना संपत नाही. हे सारे एकाच प्रसंगात पाहायचे असेल, तर १९ सप्टेंबर २०१५ रोजी ब्रायटनला झालेल्या जपान-दक्षिण आफ्रिका सामन्याची शेवटची दहा मिनिटे मिळवून पाहा. दक्षिण आफ्रिका तेव्हा दोन वेळची जगज्जेती, आणि जपानने तोवर विश्वचषकातला एकच सामना जिंकला होता, तोही १९९१ मध्ये. वेळ संपत आलेली, गुण ३२-२९, आणि जपानला पेनल्टी मिळाली. किक मारली असती तर तीन गुण, म्हणजे बरोबरी. जपानसाठी तीही मोठीच ठरली असती. कर्णधार मायकेल लीचने किक नाकारून स्क्रम मागितला. दोन्ही संघांचे पुढचे गडी खांद्याला खांदा लावून एकमेकांना भिडले (स्क्रम तो हाच), चेंडू आधी एका बाजूला आणि मग मैदानाची रुंदी ओलांडून दुसऱ्या बाजूला गेला, आणि डाव्या कोपऱ्यात कार्न हेस्केथने ट्राय केला. ३४-३२.

आमच्याकडे तेव्हा पहाट होती. माझा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि रजई गुंडाळून माझ्या शेजारी बसला होता. शेवटच्या त्या हालचालीत, चेंडू डावीकडे पोहोचण्याआधीच, तो ओरडला, 'आई, तिकडे माणसं कमी आहेत!' मला केवढा अभिमान वाटला होता! सांगलीच्या कबड्डीवाल्याचा नातू दुसऱ्या गोलार्धात बसून मैदान वाचत होता. इथली लहान मुले आधी कमरेला लावलेल्या पट्ट्या ओढण्याची रग्बी खेळतात, त्यात कोणी कोणाला पाडत नाही. पुढे टॅकल सुरू होतो. त्याला पुढे जायचे होते आणि मी त्याला जाऊ दिले. या निर्णयाबद्दल मला दोष देणाऱ्यांना मी आजही ठामपणे सांगेन की तो निर्णय चुकीचा नव्हता. माझी चूक झाली, ती वेगळ्या ठिकाणी.

जुलै २०२२ मधला एक शनिवार होता. मुलगा पंधरा वर्षांचा, शाळेच्या संघात सात क्रमांकावर. म्हणजे ज्याला सामन्यात सर्वांत जास्त टॅकल करावे लागतात अशांपैकी एक. दक्षिणेकडचा बोचरा वारा सुटला होता आणि आम्ही पालक काठावर थर्मासमधला चहा घेत उभे होतो. आमची मुले १७-१५ अशी पुढे होती आणि दहा मिनिटे उरली होती. समोरच्या संघाचा एक थोराड मुलगा चेंडू घेऊन सरळ धावत आला. माझा मुलगा वाकून त्याच्या मांड्यांना भिडला, परंतु त्याचे डोके चुकीच्या बाजूला गेले. डोके नेहमी धावणाऱ्याच्या मागच्या अंगाला ठेवायचे असते, म्हणजे पडणाऱ्याचे वजन त्यावर येत नाही. याचे पुढच्या अंगाला गेले आणि त्या मुलाचा गुडघा कानशिलावर बसला. दोघेही पडले. माझा मुलगा लगेच उठला आणि काठावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचा रक झाला. आमच्या संघातली सर्व मुले आपापल्या जागी परतली. माझा मुलगा ढिगाच्या पलीकडे, विरोधी संघाच्या रांगेत, आमच्याच गोलखांबांकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. चार-पाच सेकंद तो तसा उभा होता. मग आमच्यातल्या एका मुलाने त्याची जर्सी धरून त्याला अलीकडे ओढले. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या की दमला असेल, आणि मी मान हलवली.

मला माहीत होते. तुम्ही तिथे असता तर तुम्हाला चिखलात उभा असलेला एक मुलगा दिसला असता, आणि नवखे म्हणून तुमच्यावर कोणताच दोष आला नसता. मला मात्र अकरा वर्षांत या खेळातले जे एकच खऱ्या अर्थाने शिकता आले होते, ते म्हणजे कोण रेषेच्या कोणत्या बाजूला उभा आहे हे पाहणे. सात क्रमांकाचा खेळाडू झोपेतही त्या बाजूला उभा राहत नाही. तरीही मी सहा मिनिटे गप्प राहिले. प्रशिक्षक माझ्यापासून वीस पावलांवर होते. त्या सहा मिनिटांत त्याने आणखी दोन टॅकल केले, आणि ते मी मोजले.

शेवटी एका तरुण पंचाने वेळ थांबवली, त्याच्या डोळ्यांत पाहून त्याला काही विचारले आणि खिशातून निळे कार्ड काढले. इथल्या क्लब आणि शालेय रग्बीत डोक्याला मार लागल्याचा संशय आला की पंच ते दाखवतो. मग खेळाडू त्या दिवशी परत मैदानात येऊ शकत नाही आणि पुढेही किमान तीन आठवडे विश्रांती घेऊन, डॉक्टरांची परवानगी मिळाल्याशिवाय खेळू शकत नाही. ते कार्ड दिसताच माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की आता शेवटच्या चार मिनिटांत आमचा बचाव उघडा पडणार. हे मी कोणालाच सांगितले नव्हते.

आमची मुले जिंकली. पेटोनीच्या मैदानापासून घरापर्यंतच्या रस्त्यात त्याने मला चार वेळा विचारले, 'आई, आपण जिंकलो का?' चारही वेळा त्याच सुरात, आणि चारही वेळा उत्तर ऐकून तो तितकाच खूश झाला.

त्याची डोकेदुखी दहा आठवडे राहिली. खोलीचे पडदे ओढलेले, फोन बंद, पुस्तकाचे पान वाचले की मळमळ. डॉक्टरांनी समजावले की पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर धोका कितीतरी वाढतो. मला ते दोन टॅकल आठवले.

मी गप्प का राहिले, याचे उत्तर मी अनेक प्रकारे दिले आहे. तो या सामन्याची महिनाभर वाट पाहत होता, हे खरे आहे. मला पूर्ण खात्री नव्हती, हे खोटे आहे. खरे कारण बहुधा असे की मला मैदानात धावत जाणारी, खेळातले काही न कळणारी परदेशी आई व्हायचे नव्हते. काठावरच्या त्या लोकांत जाणकार म्हणून उभे राहायला मला अकरा वर्षे लागली होती, आणि नेमकी जाणकार म्हणून वागायची वेळ आली तेव्हा मी ती जागा जपत बसले. त्या दिवशीच्या मला आज विचारले तर ती म्हणेल की पंच होते, प्रशिक्षक होते, ते त्यांचे काम होते. तिचे म्हणणे साफ चूक आहे असे मला म्हणता येत नाही, आणि ते मान्यही करता येत नाही.

तुम्ही म्हणता की खेळच वाईट आहे. २००३ चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या संघातला हुकर, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या रांगेत मधोमध असणारा खेळाडू, स्टीव्ह थॉम्प्सन याला चाळिशीतच स्मृतिभ्रंशाचे निदान झाले आणि तो अंतिम सामना आपल्याला आठवत नाही, असे त्याने २०२० मध्ये जाहीरपणे सांगितले. ती बातमी मी आमच्या प्रसंगाच्या सुमारे दीड वर्ष आधी वाचली होती. नियम बदलत आहेत : उंच टॅकलला कडक शिक्षा होते, अनेक देशांत हौशी पातळीवर टॅकल छातीच्या हाडाखाली आणला गेला आहे, आणि वरच्या पातळीवरच्या खेळाडूंच्या दातांवरच्या कवचात धक्का मोजणारे यंत्र बसवलेले असते. हे मी तुम्हाला आवेशाने सांगते, आणि रात्री स्वतःला सांगताना तो आवेश टिकत नाही. तरीही लीचने स्क्रम मागितला तो क्षण लागला की माझ्या अंगावर आजही काटा येतो.

मुलगा पुढच्या वर्षी परवानगी घेऊन परतला, एक हंगाम खेळला आणि अभ्यासाचे कारण सांगून थांबला. तेच कारण होते का, हे मी त्याला विचारलेले नाही. आता तो ड्युनेडिनला शिकतो. कसोटी सामना असला की मध्यंतरात त्याचा फोन येतो, आणि आम्ही बचावाच्या रांगेबद्दल बोलतो.

मी अजूनही शनिवारी त्या मैदानावर जाते. गेल्या हंगामात एक बारा क्रमांकाचा मुलगा टॅकलनंतर उठला आणि रांगेत उशिरा, दोन पावले वाकडा येऊन उभा राहिला. मी चहा खाली ठेवला, प्रशिक्षकांकडे गेले आणि त्यांना सांगितले. त्यांनी त्याला बाहेर बोलावले. त्याची आई काठावर माझ्यापासून चार माणसे सोडून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले, आणि सामना संपेपर्यंत ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही.