देवळाली आणि १९३९ चे ते महिने

काल देवळाली कॅम्पच्या रस्त्याने येताना आजोबा आठवले, ते तेव्हा दहा वर्षांचे, सांगायचे की ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोने आपल्या कुणालाच न विचारता भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं आणि पंचवटीत आमच्या ओट्यावर एकच पेपर दहा जणांत फिरत होता, घड्यांवर पार फाटला. मला अजून राग येतो. त्याआधी ३१ ऑगस्टला जर्मनांनी आपल्याच सरहद्दीवरच्या ग्लायविट्झ गावातल्या रेडिओ स्टेशनवर स्वतःच हल्ला घडवून पोलंडवर ढकलला, म्हणजे खोटं आधी, तोफा नंतर! हिटलर-स्टॅलिनचा एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार तर २३ ऑगस्टलाच झालेला, १७ सप्टेंबरला रशियाही पोलंडमध्ये घुसला. इकडे न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधात काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, मुंबई प्रांताचे पंतप्रधान (तेव्हा मुख्यमंत्र्याला तसं म्हणत) बाळासाहेब खेरांनीही. बरोबरच केलं त्यांनी, माझं ठाम मत आहे.