खालचे निर्णय मागतात, वरचे हिशेब मागतात

वैद्यकीय अधीक्षक, अधिसेविका, विभागप्रमुख अशी पदं मिळाली की माणसाचं कामाबद्दलचं बोलणं वाढतं आणि स्वतःबद्दलचं आटतं. खालची मंडळी निर्णय मागतात, वरची हिशेब मागतात. कालपर्यंत ज्यांच्याकडे मन मोकळं केलं, त्यांचीच रजा आज आपल्याला नामंजूर करावी लागते. ताणमुक्तीच्या व्याख्यानाने ही कोंडी फुटत नाही. त्यासाठी वाट आधी तुडवलेला एक मेन्टॉर लागतो आणि आपल्याच पायरीवर उभी असलेली पाच-सात माणसं लागतात. दोघांची कामं वेगळी आहेत. एकाच बैठकीत दोन्ही उरकायला गेलं की दोन्ही बिघडतात.

या कोंडीतून येतो तो बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने आतून रितं होणं. आधी तो ओळखायचा कसा ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात (१ जानेवारी २०२२ पासून लागू) तो आजार म्हणून धरलेला नाही. कामाच्या जागी साचत गेलेला आणि आटोक्यात न आलेला ताण, अशी त्याची नोंद आहे. लक्षणं तीन: शक्ती संपणं, कामापासून मनाने तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. पदावरच्या माणसात पहिलं लक्षण उशिरा दिसतं, कारण थकवा हा तिथे जवळजवळ गणवेशाचाच भाग असतो. दुसरं मात्र बोलण्यात आधी डोकावतं. रुग्ण ‘बेड नंबर’ होतात, परिचारिका ‘मनुष्यबळ’ होतात, नातेवाईक ‘कटकट’ होतात. आणि हे एकट्यापुरतं राहत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालय-संस्थेने २०१५ मध्ये सुमारे २,८०० डॉक्टरांच्या पाहणीवरून दाखवलं, की थेट वरिष्ठाच्या नेतृत्वाला हाताखालच्यांनी दिलेले गुण (६० पैकी) एकाने वाढले, तर त्या डॉक्टरांमधली बर्नआउटची शक्यता ३.३ टक्क्यांनी कमी आढळते. अधीक्षकाची तब्येत सांभाळणं म्हणजे लाड करणं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा आकडा.

मेन्टॉर निवडताना पहिली अट अशी, की तो तुमचं वार्षिक मूल्यमापन लिहिणारा नसावा, बदली-बढतीच्या समितीवरही नसावा. एवढं एक चुकलं तर बाकी सगळं बरोबर करूनही उपयोग नाही. मग शिकणारा फक्त सजवलेल्या, बऱ्या दिसणाऱ्या गोष्टी सांगत राहतो. त्याने तुमच्यासारखं पद सांभाळलेलं असावं, शक्यतो दुसऱ्या विभागात किंवा दुसऱ्या संस्थेत. जोडी वरून लादू नये. तीन नावं द्यावीत, एक निवडू द्यावं, आणि दोन भेटींनंतर कारण न सांगता बदलायची मुभा ठेवावी. एका मेन्टॉरकडे तीनपेक्षा जास्त माणसं नकोत.

नव्या पदाचे पहिले सहा महिने मेन्टॉरला दर पंधरा दिवसांनी पाऊण तास भेटावं, मग महिन्यातून एकदा. पहिल्या भेटीत चार गोष्टी ठरवून टाकाव्यात: किती महिने, कुठे, काय बाहेर जाणार नाही, आणि कोणत्या परिस्थितीत बाहेर जाईलच. रुग्णाला धोका असेल किंवा समोरचा स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करायच्या मनःस्थितीत असेल, तर गुप्ततेचं वचन चालत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. विषय शिकणाऱ्याने आणायचा. काही सुचत नसेल तर तीन प्रश्न पुरतात. कोणता निर्णय टाळतोय? कोणतं काम दुसऱ्याचं असून मी करतोय? गेल्या पंधरा दिवसांत मी ‘नाही’ कुणाला म्हटलं? तिसऱ्याचं उत्तर ‘कुणालाच नाही’ असं सलग दोनदा आलं, तर भेटीचा विषय आपोआप ठरला.

इथे दोन रोग हटकून लागतात. एक, मेन्टॉर ‘आमच्या वेळी’ सुरू करतो आणि पाऊण तास संपतो. दुसरा अधिक घातक: तो शब्द टाकणारा माणूस बनतो, वर बोलून काम करून देतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण शिकणाऱ्याचा कामावरचा ताबा आणखी सुटतो आणि बाकीच्यांना पक्षपात दिसतो.

बरोबरीच्यांच्या गटाचं गणित निराळं. सहा ते आठ जण, एकाच पातळीचे. साहेब आणि त्यांच्या हाताखालचा माणूस एका गटात कधीही नको. डॉक्टर, परिचर्या आणि प्रशासन एकत्र आणता येतात, पण पहिल्या तीन बैठका डॉक्टरच बोलत राहतात हे गृहीत धरून गट चालवणाऱ्याने घड्याळ हातात ठेवावं. हा चालवणारा गटाबाहेरचा आणि त्यासाठी शिकलेला असावा. व्यवस्थापनाचे अभ्यासक रेग रेव्हन्स यांनी ब्रिटनच्या कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांसाठी रुजवलेली आणि १९६० च्या दशकात लंडनच्या रुग्णालयांत नेलेली ‘अॅक्शन लर्निंग’ची, म्हणजे एकमेकांच्या खऱ्या अडचणींवर प्रश्न विचारत शिकण्याची, पद्धत इथे बरी लागू पडते. नव्वद मिनिटांची वाटणी मी अशी सुचवेन:

पहिली १० मिनिटं प्रत्येकाने एकेक मिनिट आपली अवस्था सांगायची आणि त्या दिवशीचे दोन प्रश्न निवडायचे. मग प्रत्येक प्रश्नाला ३५ मिनिटं: ८ मिनिटं मांडणी, ५ मिनिटं माहितीच्या शंका, १५ मिनिटं फक्त खुले प्रश्न, आणि ७ मिनिटं मांडणाऱ्याने ‘पुढच्या बैठकीपर्यंत मी काय करणार’ हे स्वतःच्या शब्दांत बोलायचं. शेवटची १० मिनिटं मागच्या वेळी ठरवलेल्याचं काय झालं यासाठी.

सगळं अवघड काम त्या १५ मिनिटांत आहे. ही सगळी माणसं दिवसभर दुसऱ्यांचे प्रश्न सोडवून पगार घेतात. अर्ध्या मिनिटात सल्ला बाहेर पडतोच. सल्ला आला की मांडणारा ‘तेही करून पाहिलं’ म्हणत बचावाला लागतो आणि विचार थांबतो. ‘तुम्ही समितीकडे का जात नाही?’ हा प्रश्नाचा वेश घेतलेला सल्ला. ‘समितीकडे जायचं म्हटलं की काय अडतं?’ हा खरा प्रश्न. ‘माझ्याकडे असंच झालं होतं’ हेही त्या वेळात बंद.

वेळ कामाच्या तासांतच मिळायला हवी, आणि त्या वेळात फोन उपप्रमुखाकडे. पाळी संपल्यावरची बैठक चौथ्या खेपेला ओस पडते. मेयोमध्येच झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७४ डॉक्टर होते. चर्चागटातल्यांना नऊ महिने, दर पंधरवड्याला एक तास, पगारी वेळ दिला होता. एकूण १९ बैठका झाल्या. रुग्णांबद्दलची कोरडेपणाची भावना घटली, कामात अर्थ वाटणं वाढलं. पण ताण, नैराश्याची लक्षणं आणि एकूण जीवनमान यांत लक्षणीय फरक पडला नाही. गटाकडून किती अपेक्षा ठेवायची ते यावरून ठरवावं.

उपचारात चूक होऊन रुग्ण दगावला, तर पुढच्या बैठकीची वाट पाहू नये. अशा घटनेत होरपळणाऱ्या डॉक्टरला अमेरिकी डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली ‘दुसरा बळी’ म्हटलं. प्रमुखाला तर नातेवाईक, चौकशी आणि खचलेले सहकारी असे तिघे एकाच दिवशी सांभाळावे लागतात. बरोबरीच्या एका प्रशिक्षित माणसाने एक ते तीन दिवसांत स्वतःहून फोन करावा, वीस मिनिटं. घटनेचे तपशील विचारू नयेत, कोण चुकलं यावर बोलू नये, टिपणं ठेवू नयेत. झोप, खाणं, घरी कोणाला सांगितलंय का, एवढंच. समुपदेशकाचं नाव आणि क्रमांक फोन करण्याआधीच हाताशी असावा. सगळ्यांना सक्तीने बसवून एकदाच ‘मन मोकळं करा’ म्हणणं टाळावं. २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) एका बैठकीतल्या अशा डीब्रीफिंगने आघातोत्तर ताण टळल्याचं दिसलं नाही, उलट अपायाची शक्यता दिसली.

ख्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर हे मानसशास्त्रज्ञ बर्नआउटची मुळं सहा ठिकाणी शोधतात: कामाचा बोजा, ताबा, मोबदला, आपलेपणा, न्याय, मूल्यं. गट आपलेपणा देतो, मेन्टॉर थोडा ताबा मिळवून देतो. बोजा दोघांच्याही हातात नाही. तीन पदं रिकामी असतील तर गट ती भरणार नाही, आणि हे न बोलता गट चालवला तर सदस्यांना तो मलमपट्टी वाटू लागतो. मग तक्रारींचं गुऱ्हाळ सुरू होतं. म्हणून दर तीन महिन्यांनी गटाने एक पान वर पाठवावं: व्यवस्थेतले दोन-तीन अडथळे, नावं नाहीत, प्रसंग नाहीत. आणि वरिष्ठांनी तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं, भले ते ‘यंदा जमणार नाही’ असं का असेना. उत्तर न देणाऱ्या संस्थेने हा उपक्रम सुरूच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोजमापाचा फार सोस नको. मास्लाक यांची बर्नआउट मोजणारी २२ विधानांची प्रश्नावली चांगली आहे, पण सात जणांच्या गटात ती भरून घेतली तर कोणाची कोणती हे लगेच कळतं. ती सगळ्या संस्थेत, बिननावी घ्यावी. गटापुरती हजेरी पुरे. ती तीन-चतुर्थांशाखाली सलग दोनदा गेली तर वेळ, जागा किंवा चालवणारा यांपैकी काहीतरी चुकतंय.

नवा सदस्य मध्येच घेऊ नये. नऊ ते बारा महिन्यांनी गट विसर्जित करावा आणि पुन्हा नव्याने बांधावा. त्यातल्या ज्या दोघांना प्रश्न विचारून गप्प बसता येऊ लागलंय, त्यांना पुढचे गट चालवायला शिकवावं.